कोबीच्या शिरा

"पाय हलवू नकोस, पान चुरगळतंय," उदयसिंह म्हणाले.

शशिकला मोहिते जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीत बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर त्यांचा डावा पाय होता आणि त्या पायाच्या पोटरीवर त्यांचे यजमान कोबीचं पान बसवत होते. पान रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं. मधली जाड शीर लाटण्याने ठेचलेली, म्हणजे रस आत मुरतो. एका पायाला अशी तीन पानं आणि वरून क्रेप बँडेज. सकाळचे सव्वासहा वाजले होते. सत्तावीस वर्षं लोकांच्या पोरांना गणित शिकवलं आणि शेवटी आपली भाजी झाली, असा विचार बाईंच्या मनात येत होता. तो त्यांनी बोलून दाखवला नाही. बोलून दाखवलं की उदयसिंहांचा चेहरा पडायचा, आणि तो पुन्हा वर यायला दोन दिवस लागायचे.

बाईंच्या पायांच्या नसा फुगल्या होत्या. गुडघ्यामागून घोट्यापर्यंत निळ्या, जाड, वेड्यावाकड्या. सत्तावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून दुसरं काय होणार? नवीन पनवेलच्या त्या शाळेत ही गोष्ट कुणालाही माहीत नव्हती. बाईंची साडी जमिनीला टेकूनच असायची. औषधाच्या दुकानदाराने एकदा नसांच्या डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं होतं. उदयसिंह म्हणाले, "डॉक्टर काय, नसा जाळायला टपलेलेच असतात." बाईंना ऑपरेशनची भीती होती, त्यामुळे त्यांनी ते चटकन मान्य केलं.

तिथून उपाय सुरू झाले. उदयसिंह उरणकडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना हुकूम सोडायला एक कंटेनरसुद्धा उरला नव्हता. मोबाइलवर त्यांना निसर्गोपचार सापडला आणि माणूस पुन्हा उजळला. आधी व्हिनेगरच्या पट्ट्या झाल्या. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, पिशवीत लोणचं सांडलंय बहुतेक." मग अनशापोटी लसूण झाली. पहिल्या बाकावरच्या मुली एकेक करून मागे सरकल्या. मग तिळाचं तेल लावून पाय भिंतीला उभे करून झोपणं झालं. बेडरूमच्या भिंतीवर टाचांचे दोन तेलकट ठसे उमटले, ते अजून आहेत. कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर 'हॉर्स चेस्टनट' वाचून, चेस्टनट म्हणजे शिंगाडाच असं ठरवून उदयसिंह वाण्याकडे गेले आणि शिंगाड्याचं पीठ घेऊन आले. त्याचा शिरा मात्र चांगला झाला होता.

आणि आता कोबी. आज नववा दिवस.

"फरक वाटतोय ना?" त्यांनी बँडेजला पिन लावत विचारलं.

"गार वाटतंय," बाई म्हणाल्या. तेवढं खरं होतं.

त्यांनी स्कूटरवरून बाईंना शाळेच्या गेटवर सोडलं. स्वयंपाकघरात काम करणारी रंभा नेमकी तेव्हाच आत शिरत होती. तिला त्यांनी हात केला. उदयसिंह गेटवर सगळ्यांशीच बोलायचे. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या दिवशी पोषण आहाराची तपासणी होती आणि मुख्याध्यापक घरत सर सकाळपासून व्हरांड्यात येरझारा घालत होते.

"मोहितेबाई, कुणी काही विचारलं तर एवढंच सांगायचं, सगळं व्यवस्थित आहे."

"माझ्याकडे गणित आहे, सर. मला खिचडीचं कोण विचारणार?"

"तरी सांगून ठेवतो," काशिराम घरत म्हणाले. त्यांना पुढे होणाऱ्या गोष्टींची पुसट कल्पना आल्यासारखी वाटायची. बरेचदा ती खरी ठरायची.

तिसऱ्या तासाला आठवी ब मध्ये बाई समांतर रेषा शिकवत होत्या. वर्गातला पंखा बंद होता. घामाने बँडेज सैल झालं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आकृती काढायला त्या टाचा उंचावून उभ्या राहिल्या तेव्हा डाव्या पायावरून काहीतरी ओलसर, ऊन घसरत गेल्याचं त्यांना जाणवलं. मागे वळून बघायच्या आत पहिल्या बाकावरची समृद्धी उठली.

"बाई, तुमचं काहीतरी पडलं."

तिने ते उचलून टेबलावर ठेवलं. कोबीचं पान. तीन तासांत शिजल्यासारखं मऊ झालेलं, आणि पोटरीचा आकार जसाच्या तसा घेतलेलं.

"बाहेरून आलं असेल वाऱ्याने," बाई म्हणाल्या. वारा अजिबात नव्हता. वर्गाने एकदा बंद पंख्याकडे बघितलं. दुसरं पान पडलं ते बाईंनी चपलेने टेबलाखाली सारलं. आणि त्याच वेळी दारात घरत सर आणि तपासणीच्या मॅडम उभ्या राहिल्या. वर्ग उठून उभा राहिला, बाई नमस्कार करायला दोन पावलं पुढे आल्या, आणि तिसरं पान निऱ्यांखालून निघून मॅडमच्या सँडलपाशी येऊन पडलं.

मॅडमचं नाव वसुंधरा इनामदार, शिक्षण विभागातल्या अधिकारी. त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "आत्ताच आपण स्वयंपाकघरात कोबी मोजले. सहा आणले होते, पाच निघाले. बरोबर?"

घरत सरांनी डोळे मिटून घेतले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पान एका स्टीलच्या ताटलीत ठेवण्यात आलं. रंभाला बोलावलं. रंभा खाडीकाठच्या गावातून रोज यायची, पाच वर्षं शाळेच्या चुलीपुढे उभी होती. तिने ताटलीकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा ताटलीकडे.

"हा आपल्या स्वयंपाकघरातला कोबी आहे का?" मॅडमनी विचारलं.

रंभाने बोट लावून बघितलं. "पान गरम हाय."

"ते नाही विचारलं. आपला आहे का?"

"कोबी सगला सारकाच दिसतो, मॅडम," रंभा म्हणाली आणि पदराने घाम पुसायला लागली.

"मोहितेबाई, तुम्ही सांगा. साडीतून कोबी कसा काय पडतो?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. माझ्या पायांच्या नसा फुगल्यात, माझे यजमान त्यावर पानं बांधतात. पण ते वाक्य घरत सरांसमोर उच्चारायचं, मग विश्वास बसावा म्हणून साडी वर करून दाखवायची, मग मधल्या सुट्टीपर्यंत ते शिक्षकांच्या खोलीत, आणि शाळा सुटेपर्यंत आठवी ब मध्ये. बाईंना एकदम फार थकल्यासारखं झालं. एवढ्या थकलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं.

"ते शैक्षणिक साहित्य आहे," त्या म्हणाल्या.

"कशाचं?"

"समांतर रेषा आणि छेदिका. मधली शीर ही छेदिका, आणि बाजूच्या शिरा साधारण समांतर. संगत कोन मोजायला बरं पडतं."

मॅडमनी ताटली जवळ ओढली. "मग ते साडीत कशासाठी?"

"मुलांना आधीच दिसलं तर कुतूहल राहत नाही."

मॅडमनी पान ताटलीत उलटंपालटं करून बघितलं. मग घरत सरांना बुडत्याला काडी दिसावी तशी ती वाट दिसली आणि ते घाईघाईने बोलू लागले. "बरोबर आहे. सहावा कोबी मीच दिला बाईंना. उपक्रमासाठी. लिहून ठेवायचं राहिलं, एवढंच." रंभा त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"मग मला तो पाठ बघायचाय," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी तो पाठ घेतला. स्वयंपाकघरातून एक कोबी आला, त्याची पानं बाकाबाकावर वाटली गेली, मुलांनी कोनमापक लावले. बाई घाबरलेल्या होत्या म्हणून असेल, पण गेल्या दहा वर्षांत शिकवलं नव्हतं इतकं सुंदर त्यांनी त्या दिवशी शिकवलं. सगळा वेळ उभं राहून. शेवटी मॅडम भारावल्या. म्हणाल्या, "हे एका शाळेपुरतं ठेवणं चुकीचं होईल." येत्या शनिवारी परिसरातल्या सगळ्या शाळांचे गणित शिक्षक इथे येतील आणि मोहितेबाई त्यांना नमुना पाठ देतील. दोन तास.

"दोन तास?" बाईंनी विचारलं.

"कमी पडतील का?"

घरी उदयसिंहांना हे सगळं सांगितलं तेव्हा बाईंची अपेक्षा होती की ते निदान शरमतील. ते हरखले. "म्हटलं नव्हतं? कोबी वाया जात नाही." आणि शनिवारी उभं राहायचंय म्हणून त्यांनी एका पायाची पानं तीनवरून पाच केली.

शनिवारी बेचाळीस शिक्षक आले. वर्गातल्या सगळ्या खुर्च्या त्यांना दिल्या, त्यात बाईंचीही गेली. रंभाने कोबी सोलून परातीत पानं आणून ठेवली. बाई उभ्या राहिल्या. पहिला अर्धा तास पाय जड झाले, दुसऱ्या अर्ध्या तासात ठणकू लागले, त्यानंतर ते पाय आपले आहेत की शाळेचे हे बाईंना सांगता आलं नसतं. कामोठ्याच्या एका शिक्षकाने विचारलं, "फ्लॉवर चालेल का?" दुसऱ्याने शंका काढली की शिरा तंतोतंत समांतर नसतात, मग मुलांची संकल्पना बिघडणार नाही का. बाईंनी त्याला वीस मिनिटं उत्तर दिलं. ते काय होतं हे त्यांना नंतर आठवलं नाही. टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला. आभार मानताना मॅडम म्हणाल्या की हा पाठ आता पुढच्या पाच शनिवारी पाच ठिकाणी घेऊ, मोहितेबाई तयार आहेतच.

बाई शाल आणि नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. शाळेत तेवढी एकच जागा अशी होती की तिथे कुणी अभिनंदन करायला येणार नव्हतं. त्यांनी एक मोठं पातेलं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. उठायचं कसं हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, तेही येत नव्हतं.

रंभा दार ओढून आत आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर टेकली.

"बाई, एक सांगू का? तुमी माज्यासाठी खोटं बोललात. मी इसरनार नाय."

"तुझ्यासाठी?"

"कोबी मीच नेलता. सर बोलले त्यांनी दिला, तुमी बोललात पाठाला घेतला. माजी नोकरी वाचली."

बाईंना हसावं की काय कळेना. आपण स्वतःला वाचवायला बोललो होतो, हे सांगायची ही वेळ नव्हती. "अगं पण मागून घ्यायचा. एवढा कोबी कशाला लागला?"

रंभाने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि साडी घोट्याच्या वर उचलली. पायावर एक फडकं होतं. तिने ते सोडलं. घोट्याच्या वरची कातडी काळी पडून चामड्यासारखी झाली होती. तिच्या मधोमध रुपयाएवढी उघडी जखम होती आणि जखमेवर चिकटलेलं कोबीचं पान. पोटरीवरच्या नसा बाईंच्या नसांपेक्षा दुप्पट जाड होत्या.

बाईंच्या पायांतला ठणका एकदम कुठल्या कुठे गेला. "रंभा, हे कधीपासून आहे?"

"गनपतीपासनं. बरं व्हतं, परत फुटतं."

"आणि हे पान कुणी सांगितलं लावायला?"

"तुमच्याच मालकांनी. तुमाला गेटवर सोडतात ना, तवा. चालता चालता माजा पाय बघितला त्यांनी. लय आपुलकीनं सांगितलं. जखम मी काय दाखवली नाय त्यांना, लाज वाटली."

बाईंनी फोन काढला. "अहो, आत्ता शाळेत या. नाही, कोबी आणू नका."

उदयसिंह दहा मिनिटांत आले. बाईंनी त्यांना रंभाचा पाय दाखवला. उदयसिंह वाकून बघत राहिले. लसूण, हळद, कडुनिंब, मुलतानी माती, त्यांच्याकडे कशाला ना कशाला तरी उत्तर असायचं.  आज त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"डॉक्टरकडे न्यायला पाहिजे," ते म्हणाले.

"नसांचा डॉक्टर कुठे शोधायचा शनिवारी दुपारी?"

"आहे एक. पलीकडे, जुन्या पनवेलात." आणि ते रिक्षा आणायला बाहेर पडले.

रिक्षात ते पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले. इथून डावीकडे, त्या मेडिकलच्या पुढे, गल्लीत नको, समोरच थांबव. बाई रंभाचा हात धरून बसल्या होत्या. आपल्या यजमानांना हा रस्ता इतका पाठ कसा, हे त्यांच्या मनात आलंच नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली.

"मोहिते काका, तुमची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना?"

उदयसिंहांनी घाईघाईने रंभाला पुढे केलं. बाईंनी त्या मुलीकडे बघितलं, मग यजमानांकडे. रंभाला आधी आत घेतलं.

डॉक्टर निकेश कडू तरुण होते आणि मोजकं बोलणारे होते. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, नसांतलं रक्त कसं वाहतंय ते डॉपलर यंत्राने तपासलं. "हे नसांमुळेच आहे. वेळेवर आलात. पट्टी बदलत राहिलात तर दोन-तीन महिन्यांत भरेल, मग नसेचा इलाज करू. पण यावर पानंबिनं काही लावायचं नाही. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

रंभाने एक क्षण उदयसिंहांकडे बघितलं. "आठवत नाय," ती म्हणाली.

मग बाईंची पाळी. साडी वर करताना त्यांना वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. डॉक्टरांनी दहा मिनिटं तपासलं आणि सांगितलं की इतकं घाबरण्यासारखं नाही. सध्या दाब देणारे पायमोजे, रोज चालणं, आणि वर्गात एक उंच स्टूल. पुढे लागलंच तर लेझर, सकाळी येऊन संध्याकाळी घरी. "काकांना सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "काका, तुमचे मोजे घालताय ना रोज? दाखवा."

उदयसिंहांनी खाली बघत पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही पायांवर कातडीच्या रंगाचे घट्ट, गुळगुळीत मोजे होते.

"चार महिन्यांत काकांची सूज निम्म्यावर आली," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर तिघं बसली. मध्ये बाई, एका बाजूला रंभा, दुसऱ्या बाजूला उदयसिंह. समोर भिंतीवर माणसाच्या पायाचं चित्र होतं, लाल आणि निळ्या नसांचं. तिघंही त्या चित्राकडे बघत बसली.

"स्वतःला मोजे," बाई अखेर म्हणाल्या, "आणि मला कोबी."

"कोबी आधी मीच लावून बघितला होता. पंधरा दिवस. तू शाळेत असायचीस तेव्हा."

"मग?"

"काही होत नाही त्याने."

"ते माहीत असूनसुद्धा मला बांधलात?"

उदयसिंहांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. यार्डात एकेका क्रेनला दमात घेणारा हा माणूस आता शब्द शोधत होता. "अपाय पण नाही ना होत. निदान मला तसं वाटलं होतं." त्यांची नजर रंभाच्या पट्टीकडे गेली आणि परत आली. "मोजे काय, तू स्वतःच घातले असतेस. सकाळी पाच मिनिटांत. चहा घेतला असतास आणि निघाली असतीस. मग दिवसभर मी काय केलं असतं, शशी?"

 इतक्या दिवसांचा कोबी, भिंतीवरचे तेलकट ठसे, बेचाळीस शिक्षक आणि समोर उभे ठाकलेले पाच शनिवार, हे सगळं एका माणसाचा वेळ जावा म्हणून झालं होतं. एवढ्यावर चिडायला जेवढा जीव लागतो तेवढा त्यांच्यात शिल्लक नव्हता.

"बाई," रंभा हळूच म्हणाली, "मी मधी बोलू नये. पन माज्या मालकाला माज्या पायाला जखम हाय, ते अजून ठाऊक नाय. मार्गशीर्ष आला."

काउंटरवरच्या मुलीने हाक मारली. "मोहिते काकू, मोज्यांची ऑर्डर टाकायचीय. माप घ्यायला आत येता का जरा?"

बाई उठायला लागल्या, पण पाय उठेनात. तोवर उदयसिंह बसल्या जागेवरूनच, चित्रावरची नजर न काढता सांगू लागले.

"घोटा साडेतेवीस. पोटरी उजवी एकोणचाळीस, डावी चाळीस. संध्याकाळी डावी एक्केचाळीस होते, पण मोजे सकाळच्या मापाने घ्या."

मुलीने लिहून घेतलं.